उलुरू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियात मुलांकडे जाणाऱ्यांच्या यादीत उलुरूचे नाव हमखास असते आणि विमानाचे भाडे पाहिल्यावर "एका दगडासाठी एवढा खर्च?" म्हणून ते हमखास खोडलेही जाते. खर्च खरोखर मोठा आहे. तो करायचा की नाही हे ठरवण्यासाठी, आणि ठरलेच तर तिथे गेल्यावर वेळ वाया जाऊ नये म्हणून, ही प्रश्नोत्तरे.

उलुरू नेमका कुठे आहे आणि केवढा आहे?

ऑस्ट्रेलियाच्या जवळजवळ मध्यावर, नॉर्दर्न टेरिटरीच्या दक्षिण टोकाकडे. जवळचे मोठे गाव ॲलिस स्प्रिंग्स. ते सरळ रेषेत ३३५ किलोमीटरवर आहे, पण रस्त्याने सुमारे ४५० किलोमीटर पडतात. खडकाची उंची जमिनीपासून ३४८ मीटर, समुद्रसपाटीपासून ८६३ मीटर. पायथ्याचा घेर ९.४ किलोमीटर.

सह्याद्रीत फिरणाऱ्याला ३४८ मीटर म्हणजे काहीच नाही. फरक आजूबाजूचा आहे. इथे चारी बाजूंना वाळूचे सपाट मैदान आहे आणि त्यातून हा खडक एकदम उभा राहतो. ना सोंड, ना पदर, ना खाली घरंगळलेल्या दगडांचा ढीग. मैदान संपते तिथेच भिंत सुरू होते.

हा जगातला सर्वांत मोठा अखंड दगड आहे ना?

नाही, हे जाहिरातीतले वाक्य आहे. मैदानावर ठेवलेला सुटा धोंडा असे चित्र डोळ्यांपुढे असेल तर ते पुसून टाका. आपल्याला दिसते ती जमिनीखाली कित्येक किलोमीटर गेलेल्या एका प्रचंड थराची फक्त वर आलेली कड. भूगोलाच्या परिभाषेत हा द्वीपगिरी, म्हणजे आजूबाजूचे सगळे झिजून गेल्यावर मागे उरलेला डोंगर. "सर्वांत मोठा" या किताबासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या माउंट ऑगस्टसचे नावही पुढे केले जाते. तो आकाराने उलुरूहून कितीतरी मोठा आहे खरा, पण तोही एकाश्म, म्हणजे एकच अखंड दगड, नव्हे.

मग तो तयार कसा झाला?

साधारण ५५ कोटी वर्षांपूर्वी या भागाच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला ग्रॅनाइटचे उंच पर्वत उभे राहिले. तेव्हा जमिनीवर झाडेझुडपे, गवत काहीच नव्हते. माती धरून ठेवणारे काही नसल्याने पाऊस पडला की पर्वताचे अंग सुटून खाली यायचे. पायथ्याशी या गाळाचे मोठमोठे पंखाकृती पट्टे साचत गेले. त्यातल्या एका पट्ट्यात मुख्यतः जाड वाळू होती. तिचाच पुढे उलुरू झाला. दुसऱ्यात गोटे आणि धोंडे होते. त्यातून शेजारचा काटा चुटा हा घुमटांचा समूह झाला.

सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र आला. त्याच्या तळाशी साचलेल्या वाळू-चिखलाच्या ओझ्याखाली जुना गाळ दाबला गेला, दाण्यांमधल्या फटी खनिजांनी सांधल्या आणि वाळूचा खडक झाला. पुढे, सुमारे ४० ते ३० कोटी वर्षांपूर्वी, भूकवच आवळले जाऊन या थरांना वळ्या पडल्या. त्यात उलुरूचे आडवे थर जवळजवळ ८५ अंशांत उभे राहिले. भाकऱ्यांची चळत उचलून कडेवर उभी करावी, तसे. त्यानंतरचे काम झिजेचे. वरचे आणि बाजूचे मऊ खडक गेले, हा टणक उरला.

महाराष्ट्रातून येणाऱ्याला हे पटकन दिसते, कारण त्याच्या डोळ्यांना नेमकी उलटी सवय असते. आपला काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. एकावर एक आडव्या थरांत थिजलेला, म्हणून सह्याद्रीच्या कड्यांवर आडव्या पायऱ्या दिसतात. उलुरूवरच्या घळी आणि वरंबे सगळे वरून खाली, एकमेकांना समांतर धावतात. ते उभे थरच आहेत. कमी टणक थर खोल झिजलेत, जास्त टणक पुढे राहिलेत.

खडकाचे नाव आर्कोझ, म्हणजे फेल्डस्पार भरपूर असलेला जाड्याभरड्या कणांचा वालुकाश्म. फेल्डस्पार हवा-पाण्यात लवकर कुजते. नदीने वाळू दूरवर नेली असती तर ते वाटेतच संपले असते आणि फक्त गारगोटीचे गुळगुळीत कण उरले असते. इथे ते निम्म्याच्या आसपास टिकून आहे आणि कणही कोनदार आहेत. म्हणजे गाळ पर्वतापासून फार लांब गेला नाही आणि भराभर पुरला गेला. वरची गोष्ट कशावरून रचली, याचे हे मोठे कारण.

तो लाल का आहे? आणि रंग खरेच बदलतो का?

लाल हा वरचा गंज. आतला ताजा खडक करडा आहे. त्यातल्या लोहयुक्त खनिजांना हवा-पाणी लागून पृष्ठभाग तांबूस होतो. पायथ्याच्या काही गुहांमध्ये आत वळून पाहिलेत तर मूळचा करडा रंग दिसतो.

खडकाचा रंग अर्थातच बदलत नाही, प्रकाश बदलतो. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचे किरण हवेच्या जाड थरातून येतात, निळा भाग विखुरला जातो, उरतो तो तांबडा, आणि तांबडा प्रकाश तांबड्याच पृष्ठभागावर पडतो. सगळा खेळ सूर्यास्ताच्या अलीकडच्या-पलीकडच्या वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. पश्चिमेला ढग असले तर फारसे काही दिसत नाही. त्यामुळे एका संध्याकाळीवर सगळी भिस्त ठेवू नका.

अंगावरच्या गुहा, भोके आणि काळ्या रेघा कशाच्या?

खडकात भेगा फार कमी आहेत, म्हणून त्याचे धोंडे सुटून पडत नाहीत. त्याऐवजी पापुद्रे निघतात. हात लावाल तिथे पातळ खपली सुटू पाहताना दिसेल. पायथ्याशी जमिनीतला ओलावा जास्त काळ टिकतो, तिथे खडक आतून कुजून लाटेसारख्या वळणाच्या गुहा होतात. काळ्या उभ्या रेघा म्हणजे पावसाचे पाणी उतरण्याच्या वाटा. ओलाव्यावर वाढणाऱ्या शैवालामुळे त्या काळ्या पडल्या आहेत.

शेजारचा काटा चुटा तोच खडक आहे का?

नाही. तो पिंडाश्म आहे: ग्रॅनाइट, बेसाल्टचे गोटे वाळूच्या गाऱ्यात घट्ट बसलेले. थर फक्त १५ ते २० अंश कललेले आहेत आणि मोठ्या उभ्या भेगांमुळे झिजून ३६ घुमट झाले आहेत. सर्वांत उंच घुमट जमिनीपासून ५४६ मीटर, म्हणजे उलुरूपेक्षा जवळजवळ २०० मीटर जास्त. लोक उलुरूचे फोटो घेऊन परत फिरतात आणि हा भाग टाळतात. चालणाऱ्यांसाठी खरे तर दोघांत हाच सरस.

आणंगू कोण? आणि चुकुर्पा म्हणजे काय?

पिचंचाचारा आणि यंकुन्चाचारा भाषा बोलणारे इथले मूळ लोक स्वतःला आणंगू म्हणतात. या प्रदेशात माणसाचा वावर दहा हजार वर्षांहून कितीतरी आधीपासून आहे. पर्यटनाच्या पत्रकांत चुकुर्पाला "स्वप्नकाळ" म्हटलेले आढळेल; तो शब्द विसरा. चुकुर्पा म्हणजे पूर्वजांनी जग घडवल्याच्या कथा, पण त्याचबरोबर नातेसंबंधांचे नियम, शिकारीचे आणि पाण्याचे हक्क, कुठे जाळायचे आणि कुठे नाही याचे ज्ञान. थोडक्यात, कायदा. कथा त्या कायद्याची कलमे लक्षात ठेवण्याची रीत आहे आणि खडक हा त्याचा दस्तऐवज.

खडकाशी जोडलेल्या कथा कोणत्या?

बाहेरच्यांना सांगायची मोकळीक आणंगूंनी दिली आहे अशा प्रामुख्याने तीन. त्या त्या जागी उभे राहूनच ऐकाव्यात किंवा वाचाव्यात, कारण कथेतली प्रत्येक गोष्ट समोरच्या कातळात दाखवता येते.

माला: माला म्हणजे सशाएवढा छोटा वॉलबी, कांगारूचा भाऊबंद. माला लोक उत्तरेकडून आणि पश्चिमेकडून आले, त्यांनी खडकाच्या माथ्यावर विधीचा खांब रोवला आणि समारंभ सुरू केला. पश्चिमेचे विंटाल्का लोक आमंत्रण घेऊन आले: आमच्या समारंभाला या. माला म्हणाले, आमचा सुरू झालाय, आता थांबवता येत नाही. अपमान झाला म्हणून विंटाल्कांनी कुर्पन नावाचा राक्षसी कुत्रा निर्माण करून सोडला. लूनपा या खंड्या-स्त्रीने ओरडून सावध केले, पण कोणी ऐकले नाही. काही माला पुरुष मारले गेले, बाकीचे दक्षिणेकडे पळाले. लूनपा आजही शिळा होऊन पहारा देते.

यात एक कडवट भर आहे. खरा माला प्राणी मांजरे, कोल्हे आणि वणव्यांमुळे ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून जंगली अवस्थेत नाहीसा झाला. २००५ मध्ये उद्यानात १७० हेक्टरांचे कुंपण घालून २४ माला परत आणून सोडले. तो भाग पाहुण्यांसाठी खुला नाही.

कुनिया आणि लिरु: कुनिया ही अजगर-स्त्री आपली अंडी घेऊन पूर्वेकडून आली. तिच्या भाच्याला लिरु, म्हणजे विषारी सापांच्या योद्ध्यांनी, भाल्यांनी मारले. खडकाच्या नैर्ऋत्य अंगावरची भोके हे त्या भाल्यांचे व्रण. ती मुटिचुलुच्या पाणवठ्यापाशी आली तेव्हा एक लिरु तिला हसला. तिने मूठभर वाळू उचलून जमिनीवर सोडली, रागाचा नाच करत पुढे सरकली आणि खणायच्या काठीने त्याच्या डोक्यावर दोन वार केले. पहिला वरवरचा, दुसरा जिवावरचा. पाणवठ्याजवळच्या कातळात एक उथळ आणि एक खोल अशा दोन उभ्या चिरा शेजारी शेजारी आहेत. शेवटी कुनिया आणि तिचा भाचा एक होऊन पाण्याचा रक्षक सर्प झाले.

लुंकाटा: हा निळ्या जिभेचा सरडा. दुसऱ्यांनी जखमी केलेला एमू त्याने उचलला, कापला आणि खाल्ला. शिकारी विचारायला आले तर "मी पाहिलाच नाही" म्हणाला. मांसाचे तुकडे वाटेवर सांडलेले होतेच. तो वरच्या गुहेत चढून बसला, शिकाऱ्यांनी खाली आग लावली, धुराने गुदमरून तो भाजत खाली गडगडला. कातळावरचा करडा पट्टा म्हणजे तो धूर आणि त्याचे सोललेले अंग. वाळवंटात शिकारीचा वाटा कोणाचा, हा जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो; कथा इतकी कठोर आहे ती त्यामुळे.

बाकीच्या कथा का सांगत नाहीत? आणि काही ठिकाणी फोटो काढायला मनाई का?

काही कथा फक्त दीक्षा घेतलेल्या पुरुषांना, काही फक्त स्त्रियांना माहीत असतात, आणि त्या ज्या जागांशी जोडल्या आहेत त्या जागाही तशाच वाटलेल्या आहेत. अशा जागेचा फोटो छापला गेला तर ज्याने ती पाहायची नाही त्याच्या डोळ्यांसमोर ती जाते. म्हणून पायथ्याच्या वाटेवर, विशेषतः ईशान्येच्या बाजूला, फलक लावले आहेत. चालायला, पाहायला हरकत नाही, कॅमेरा खाली. व्हिडिओ चालू ठेवून चालत राहणारे इथेच चुकतात. ड्रोनला परवानगीशिवाय पूर्ण मनाई आहे.

गुहांमधली चित्रे किती जुनी?

एकावर एक इतक्या वेळा रंगवली आहेत की एका चित्राला एक वय लावणे अवघड आहे. या वर्गखोल्या होत्या. म्हातारी माणसे पोरांना शिकवताना भिंतीवर काढून दाखवत. रंग गेरूचे, कोळशाचे आणि राखेचे. विसाव्या शतकात सुरुवातीच्या वाटाड्यांनी फोटोत चित्रे उठून दिसावीत म्हणून त्यांवर पाणी मारले. आज बरीच चित्रे फिकी आहेत त्यात त्या पाण्याचाही हात आहे. स्पर्श करू नका हे सांगायला नकोच.

एअर्स रॉक हे नाव कुठून आले?

१९ जुलै १८७३ रोजी सर्वेक्षक विल्यम गॉस इथे पोहोचला आणि त्याने दक्षिण ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे चीफ सेक्रेटरी सर हेन्री एअर्स यांचे नाव खडकाला दिले. त्याच्या आदल्या वर्षी अर्नेस्ट जाइल्सने लांबून काटा चुटा पाहून त्याला माउंट ओल्गा म्हटले होते. गॉसबरोबर माथ्यावर गेलेला माणूस कामरान नावाचा अफगाण उंटवाला होता. ही नोंद महत्त्वाची आहे: १८६० च्या दशकापासून कराची बंदरातून उंट आणि उंटवाले ऑस्ट्रेलियात नेले गेले आणि मध्य ऑस्ट्रेलियाचे सर्वेक्षण, तारायंत्राची लाइन, मालवाहतूक त्यांच्या जिवावर झाली. ॲडलेडहून ॲलिस स्प्रिंग्समार्गे डार्विनला जाणाऱ्या "द घान" रेल्वेचे नाव त्यांच्यावरूनच पडले. सोडून दिलेल्या उंटांचे वंशज आज रस्त्यावर आडवे येतात.

१९९३ मध्ये अधिकृत नाव "एअर्स रॉक / उलुरू" असे जोडनाव झाले आणि २००२ मध्ये क्रम उलटून "उलुरू / एअर्स रॉक". विमानतळाच्या नावात मात्र एअर्स रॉक टिकून आहे, तिकीट शोधताना ते लक्षात ठेवा.

खडक आणंगूंना परत मिळाला म्हणजे काय झाले?

१९५० मध्ये उलुरू राष्ट्रीय उद्यान ठरला आणि १९५८ मध्ये काटा चुटासह तो आदिवासी राखीव क्षेत्रातून वगळला गेला, पर्यटनासाठी. पायथ्याला खेटून मोटेल आणि धावपट्टी आली. १९७६ च्या जमीनहक्क कायद्याखाली दावा लावला तेव्हा उद्यान दाव्याबाहेर राहिले. शेवटी २६ ऑक्टोबर १९८५ रोजी गव्हर्नर जनरलनी मालकीपत्र आणंगूंच्या हाती दिले आणि लगेच आणंगूंनी ती जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने केंद्राच्या उद्यान विभागाला दिली. मालकी त्यांची, उद्यान सर्वांचे. व्यवस्थापन मंडळाच्या १२ सदस्यांपैकी ८ आणंगूंनी सुचवलेले असतात, आणि तिकिटाच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा त्यांना मिळतो. मोटेल त्याआधीच हटवून सगळी राहण्याची सोय उद्यानाबाहेर यूलारा या पर्यटकगावाला नेली, म्हणून आज पायथ्याशी एकही हॉटेल नाही. १९८७ मध्ये निसर्गासाठी आणि १९९४ मध्ये संस्कृतीसाठी, असे दोनदा त्याचे नाव जागतिक वारसा यादीत आले.

वर चढता येते का?

नाही. २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमचे बंद. साखळी आणि खांबही काढून टाकले आहेत. चोरून चढणाऱ्यांवर दंडाची कारवाई होते.

जुने फोटो पाहून हळहळणाऱ्यांसाठी: ती वाट माला पूर्वजांच्या मार्गावरून जात होती आणि पाहुण्याला इजा झाली तर आणंगू स्वतःला जबाबदार धरतात. तिथे तीसहून अधिक माणसे मेली आहेत, काही पडून, काही हृदयविकाराने. शिवाय माथ्यावर स्वच्छतागृह नाही, मातीही नाही. माणसांची घाण पहिल्या पावसाबरोबर खालच्या पाणवठ्यांत उतरायची. व्यवहाराच्या दृष्टीनेही गमावण्यासारखे थोडेच आहे. वरून दिसते ते मैदान. गुहा, चित्रे, पाणवठे, कथांच्या खुणा सगळ्या पायथ्याला आहेत.

कधी जावे?

मे ते ऑगस्ट. दिवसा २० ते २५ अंश, पहाटे मात्र जून-जुलैत पारा शून्याखाली जातो. वाळवंट म्हणून सुती कपडे घेऊन येणारे सूर्योदयाच्या ओट्यावर कुडकुडतात. कानटोपी, हातमोजे आणि जाड जाकीट हवेच. डिसेंबर ते फेब्रुवारी ४० च्या वरचे तापमान नेहमीचे असते. भारतातल्या शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत येणे जमत असेल तर उत्तम.

पोहोचायचे कसे?

भारतातून थेट विमान नाही. सिडनी किंवा मेलबर्नहून यूलाराच्या विमानतळावर उतरणे सर्वांत सोपे. सिडनीहून सुमारे साडेतीन तास. घड्याळ लावून घ्या. इथली वेळ भारताच्या चार तास पुढे आहे आणि सिडनीच्या हिवाळ्यात अर्धा, उन्हाळ्यात दीड तास मागे.

ॲलिस स्प्रिंग्सहून गाडीने येणार असाल तर आधी स्टुअर्ट हायवेने दक्षिणेला २०० किलोमीटर एर्लडुंडा, तिथून लॅसेटर हायवेने पश्चिमेला अडीचशेच्या आसपास. रस्ता डांबरी आहे, साधी गाडी चालते. एर्लडुंडा, कर्टिन स्प्रिंग्स आणि यूलारा, दिसेल तिथे टाकी भरा. उद्यानात पंप नाही. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. कांगारू आणि उंट दिव्यांच्या झोतात ऐन वेळी दिसतात, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात रात्रीचा अपघात बहुधा धरलेला नसतो. करार सही करण्याआधी ते कलम वाचा.

वाटेत कर्टिन स्प्रिंग्सजवळ डावीकडे एक सपाट माथ्याचा मोठा डोंगर दिसतो. तो माउंट कॉनर. अर्धे प्रवासी उलुरू समजून तिथेच फोटो काढतात.

किती दिवस ठेवावेत? आत काय काय चालावे?

दोन रात्री आणि दोन पूर्ण दिवस. प्रवेशपास अलीकडे प्रौढांना ३८ ऑस्ट्रेलियन डॉलर आणि सलग तीन दिवसांचा आहे, १८ वर्षांखालील मुलांना मोफत. दर उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहून आधीच काढून ठेवा. दारे उन्हाळ्यात पहाटे ५ ला, जून-जुलैत ६:३० ला उघडतात.

पायथ्याची पूर्ण प्रदक्षिणा १०.६ किलोमीटर, सपाट, साडेतीन ते चार तास. माला वाहनतळावरून सुरू करा. उत्तरेची बाजू जवळजवळ बिनसावलीची आहे, ती सकाळीच उरकावी, म्हणजे ऊन चढल्यावर दक्षिणेकडची सावली मिळते. उन्हाळ्यात सूर्योदयाला निघून ११ च्या आत संपवायचे.

सगळे चालणे शक्य नसेल तर तुकडे निवडा. माला वाट जाऊन-येऊन २ किलोमीटर. रेंजर तिथे मोफत माहिती देत बरोबर चालतात, त्यांची वेळ ऋतूनुसार बदलते, ती आदल्या दिवशी विचारा. कुनिया वाट जाऊन-येऊन १ किलोमीटर, मुटिचुलुच्या पाणवठ्यापर्यंत. सांस्कृतिक केंद्रापासून खडकापर्यंत लिरु वाट एका बाजूने २ किलोमीटर. हे केंद्र आधी पाहा, मग खडक. बहुतेक जण उलटे करतात आणि मग समोरच्या चिरांकडे पाहून काही कळत नाही.

काटा चुटाला अर्धा दिवस. यूलाराहून ५० किलोमीटरवर. वाऱ्याची दरी ही वाट ७.४ किलोमीटरची, खडबडीत, चढउतारांची. चांगले बूट हवेत. तापमान ३६ अंश होण्याचा अंदाज असेल तर सकाळी ११ ला ती पहिल्या टप्प्यापुढे बंद करतात. उशिरा उठणाऱ्यांना मग वाल्पा घळ, २.६ किलोमीटर, एवढ्यावरच समाधान मानावे लागते.

सर्वांत जास्त कोण अडचणीत येतात?

पाणी मोजून न घेणारे. हिशेब साधा आहे: माणशी दर तासाला एक लिटर. प्रदक्षिणेला चार लिटर. हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसतच नाही, म्हणून तहान लागेपर्यंत थांबणारा आधीच मागे पडलेला असतो. डोके दुखायला लागले, मळमळले की सावलीत बसा, पुढे जाण्याचा हट्ट नको. नुसते पाणी ढोसत राहणेही बरे नाही. खारे शेंगदाणे किंवा साखर-मिठाचे पाणी जवळ असू द्या.

दुसरा ताप माश्यांचा. चावत नाहीत, पण डोळे, नाक, तोंड सोडत नाहीत. थंडीच्या महिन्यांखेरीज टोपीवरून घ्यायची जाळी लागतेच. पहिल्या दिवशी हसणारे दुसऱ्या दिवशी दुकानात रांगेत असतात.

आईबाबांचे गुडघे दुखतात. त्यांनी यावे का?

जरूर. कुनिया आणि माला वाटा सपाट आहेत, चाकाची खुर्चीही जाते. सूर्योदय-सूर्यास्ताच्या जागांपर्यंत गाडी जाते. फक्त उन्हाळा टाळा.

शाकाहारी जेवणाचे काय?

यूलारात सुपरमार्केट आहे: तांदूळ, भाज्या, डबाबंद डाळी-कडधान्ये मिळतात, भाव मोठ्या शहरांपेक्षा चढे. स्वयंपाकघर असलेली खोली किंवा तंबूतळ घेतला तर खर्च बराच आवाक्यात येतो. भारतातून आणलेला खाऊ, मसाले, लोणची ऑस्ट्रेलियात उतरतानाच्या कार्डावर जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्यावर दंड होतो.

पाऊस लागला तर सहल बुडाली का?

उलट. वर्षाला सरासरी ३०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस, तोही लहरी. चांगली सर आली की माथ्यावरची कुंडे भरून ओसंडतात आणि डझनावारी धबधबे काळ्या रेघांवरूनच खाली येतात. काही वाटा तेवढ्या वेळापुरत्या बंद होतात. गाडीतून रिंगरोडने हळू फेरी मारा. कातळ ओला असताना त्यावर पाय ठेवू नका, फार निसरडा होतो.

डिंगोने, म्हणजे इथल्या रानकुत्र्याने, बाळ नेल्याचे ते प्रकरण इथलेच ना?

हो, ऑगस्ट १९८० मधले. आईला खुनी ठरवून जन्मठेप दिली; १९८६ मध्ये बाळाचे जाकीट खडकाजवळ सापडले आणि ती सुटली; बाळ डिंगोने नेले, असा अंतिम निष्कर्ष न्यायालयीन चौकशीत २०१२ मध्ये आला. डिंगो आजही तंबूतळाभोवती फिरतात. त्यांना खायला घालू नका, अन्न आणि बूट बाहेर ठेवू नका, लहान मुलांना एकटे सोडू नका.

आठवण म्हणून मूठभर लाल वाळू आणली तर?

बेकायदा आहे. नेलेले दगड-वाळू परत पाठवणारे लोक इतके आहेत की उद्यानाकडे क्षमापत्रांसह पार्सले येत राहतात. ती जागेवर परत ठेवता येत नाहीत, कारण कोणता दगड कुठला आणि त्याबरोबर काय रोग आला हे कळत नाही. त्याऐवजी सांस्कृतिक केंद्रातल्या आणंगू कलाकारांच्या दुकानातून लाकडावर तापल्या तारेने नक्षी काढलेला एखादा प्राणी घ्या. पैसे थेट त्यांना जातात.

एकच रात्र हाताशी असेल तर काय गाळावे?

सूर्योदय गाळा, सूर्यास्त ठेवा. दुपारी उतरल्याबरोबर सांस्कृतिक केंद्र, मग कुनिया वाट, मग सूर्यास्ताचा वाहनतळ. तिथे अर्धा तास आधी पोहोचा, नाहीतर पुढची जागा मिळत नाही. दुसऱ्या दिवशी दार उघडताच माला वाहनतळ गाठून प्रदक्षिणा सुरू करा, सूर्योदय वाटेवर आपोआप मिळतो. उंटाची सफर, हेलिकॉप्टर, दिव्यांचे मैदान (वाळवंटात मांडलेली दिव्यांची कलाकृती) हे सगळे वेळ आणि पैसे उरले तर. दुपारच्या विमानाला दोन तास आधी पोहोचायचे असेल तर प्रदक्षिणा ११ ला संपायलाच हवी, म्हणून सामान सकाळी निघतानाच खोलीबाहेर काढून हॉटेलात जमा करा.